गावच्या घरासाठी हॅचबॅक : काय मिळते आणि काय सोसावे लागते

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील एक शेतकरी कुटुंब पहिली चारचाकी घेण्याच्या विचारात आहे. शेती कोरडवाहू, पत्नी शाळेत शिक्षिका, घरात आई-वडील, नवरा-बायको आणि दोन मुले अशी सहा माणसे, आणि तयारी सात-आठ लाखांपर्यंतची. शोरूमवाले हॅचबॅक सुचवतात. पारावरची मंडळी म्हणतात, आपल्या रस्त्यांवर ती टिकत नाही, त्यापेक्षा जुनी बोलेरो पाहा. कोणाचे ऐकावे, असे या भाऊंनी विचारले आहे.

कारंजा परिसरात मी अनेक वर्षांपासून गॅरेज चालवतो. तिथे येणाऱ्या गाड्यांत लहान हॅचबॅकच जास्त असतात, त्यामुळे त्या गावात कशा वागतात आणि कुठे थकतात हे मी रोज खालून आणि वरून पाहतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्यासारख्या घराला हॅचबॅक योग्य आहे, पण दोन अटींवर. घरापासून डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता पावसाळ्यातही तिला झेपण्यासारखा असला पाहिजे, आणि ती शेवटपर्यंत माणसांची गाडी राहिली पाहिजे, मालाची होता कामा नये. यातील एकही अट मोडणार असेल तर शोरूममधील चकचकीत गाडी दोन पावसाळ्यांत घरातील कटकटीचे कारण होते.

या गाडीचा बांधाच समजून घेतला तर तिचे गुण आणि दोष दोन्ही उलगडतात. पुढे इंजिन, आणि त्यामागे माणसे व सामान एकाच खोलीत, मागचा दरवाजा काचेसकट वर उघडणारा. एवढीच तिची रचना आहे. मागे वेगळी डिकी बाहेर आलेली नसल्यामुळे लांबी कमी राहते. आपल्या देशात या कमी लांबीला करसवलतीची जोड मिळाली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. अलीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून याच लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला आणि मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. लहान गाडी स्वस्त पडण्याचे एक मोठे कारण हे आहे, आणि तिचे इंजिन लहान असण्याचे, मागची जागा आखूड असण्याचे कारणही बऱ्याच अंशी हेच आहे.

आता तिचे आकर्षण. शहरातला माणूस मायलेज आणि पार्किंग सांगेल. गावात त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बिघडल्यावर ती कुठे दुरुस्त होते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि २०१४ पर्यंत ती बनत राहिली. तालुक्याच्या ठिकाणची मेकॅनिकांची एक अख्खी पिढी त्याच गाडीवर हात बसवून तयार झाली, आणि पुढे ऑल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका, स्विफ्ट या गाड्यांवर तिने काम केले. त्यामुळे आज मानोरा, दारव्हा किंवा मंगरूळपीर येथे रस्त्याच्या कडेच्या साध्या गॅरेजमध्येही लहान पेट्रोल गाडीची क्लच प्लेट, ब्रेक पॅड, लोअर आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, शॉकअप ही कामे होतात, आणि जो भाग तिथे नसेल तो अकोला किंवा अमरावतीहून सकाळच्या एसटीने मागवता येतो. पेरणीच्या दिवसांत किंवा कापूस वेचणीच्या धामधुमीत गाडी आठवडाभर जिल्ह्याच्या शोरूममध्ये पडून राहणे आणि दुसऱ्या दिवशी दारात उभी असणे, यातला फरक ज्याला भोगावा लागतो त्यालाच कळतो. पुन्हा तिचे सुटे भागही आकाराने लहान, म्हणून स्वस्त. तेरा इंची टायर साडेतीन-चार हजारांच्या घरात मिळतो, तर मोठ्या गाडीच्या सोळा इंची टायरला त्याच्या जवळपास दुप्पट मोजावे लागतात, आणि बदलायचे तेव्हा चार बदलावे लागतात.

दुसरा गुण तिच्या हलक्या अंगाचा. वॅगन आरसारखी गाडी रिकामी असताना सव्वाआठशे किलोंच्या आसपास भरते. वळायला तिला फार जागा लागत नाही, त्यामुळे आठवडी बाजाराच्या दिवशीची गल्ली, वाड्याचे अरुंद फाटक किंवा बैलगाडी समोरून आलेली पांदण यातून ती निघते. नाल्यात चाक उतरले तर चार माणसे ती उचलून रस्त्यावर घेतात, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. उभट बांध्याच्या हॅचबॅकमध्ये बैठक उंच असते, म्हणून गुडघे धरलेल्या आईला नऊवारीतही वाकावे लागत नाही. ती बाजेवर बसते तशी सरळ बसते आणि पाय आत घेते. बोलेरोत चढताना त्याच आईला दोघांनी हात द्यावा लागतो. ज्या घरात म्हातारी माणसे आहेत त्यांनी गाडी निवडताना मायलेजच्या आधी आई-वडिलांना प्रत्यक्ष बसवून आणि उतरवून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

आणि रात्रीचे दवाखाने. बाळंतपण असो, साप चावलेला असो की छातीत दुखू लागलेले असो, गावातून यवतमाळ, अकोला किंवा सेवाग्राम गाठायचे असते तेव्हा दारात गाडी असणे किती मोलाचे आहे हे या भागात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र गावातील पेशंट नेण्याचा किराया घेणे सुरू झाले की ती खासगी गाडी भाड्याची ठरते, आणि अशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मदत म्हणून अवश्य न्यावे, पैसे ठरवून नेऊ नये.

आता ज्या दोषांमुळे या गाड्या माझ्याकडे येतात ते सांगतो. पहिला आणि सर्वात महागात जाणारा दोष म्हणजे तिचे पोट जमिनीपासून जवळ असते. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर, वॅगन आरचा १६५, क्विडचा १८४ असे आकडे छापलेले असतात, पण ते बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसे बसली, मागे सामान आले आणि स्प्रिंग दबले की त्यातली दोन-तीन बोटे सहज निघून जातात. पांदण रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोरी पाडलेली असते आणि मध्ये मातीचा उंच वरंबा उरलेला असतो. ट्रॅक्टरला त्याचे काही वाटत नाही. हॅचबॅक मात्र चाकोरीत उतरली की तो वरंबा थेट तिच्या पोटाला घासतो. त्यात मुरमातून वर आलेला एखादा दगड असला तर तो आधी इंजिनच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरला लागतो.

इथे एक गोष्ट बारकाईने समजून घेण्यासारखी आहे, कारण ती माहीत नसल्यामुळे लोकांची इंजिने जातात. चेंबर फुटला तर तेल गळते, खाली काळा डाग दिसतो, आणि माणूस सावध होतो. परंतु पुष्कळदा चेंबर फुटत नाही, फक्त वर दबतो. त्याच्या आत, तळापासून अगदी थोड्या अंतरावर, तेल ओढून घेणारी जाळी असते. पत्रा दबून त्या जाळीला टेकला की तेल भरपूर असूनही पंपाला ते ओढता येत नाही. बाहेरून एक थेंब गळत नाही, तेलाची कांडी पाहिली तर पातळी बरोबर असते, आणि तरीही डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागतो किंवा लुकलुकतो. अशा वेळी 'तेल तर पूर्ण आहे, वायरिंगचा दोष असेल' असे समजून आणखी पाच किलोमीटर गाडी नेली की बेअरिंग जळतात आणि इंजिन जाम होते. पोटाला दगड लागल्याचा आवाज आला आणि त्यानंतर लाल दिवा दिसला, तर त्याच जागी इंजिन बंद करावे आणि गाडी ओढून आणावी. चेंबर बदलण्याचा खर्च काही हजारांचा असतो. इंजिन बांधण्याचा खर्च गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा तोडून नेतो. शिवाय साध्या विम्यात दगड लागून झालेले नुकसान बसते, परंतु त्यानंतर गाडी चालवत राहिल्यामुळे झालेले इंजिनाचे नुकसान बसत नाही. रपट्यावरून वाहत्या पाण्यात गाडी घातल्यावर इंजिनात पाणी शिरते, त्यालाही हाच नियम लागतो. म्हणून गावात राहणाऱ्याने विमा घेताना इंजिन संरक्षणाची जोड मागून घ्यावी, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न चुकूनही करू नये.

चेंबरखाली लोखंडी पत्र्याचे संरक्षण बसवून घ्यावे. ते बसवताना तेल काढण्याच्या बोल्टसमोर भोक ठेवलेले असावे आणि पत्रा इंजिनला चिकटलेला नसावा, नाहीतर वारा अडतो आणि उन्हाळ्यात इंजिन जास्त तापते. कापूस निघाल्यावर वावरातून गाडी आडवी घालण्याची सवय मात्र कोणताही पत्रा झाकू शकत नाही. कापलेल्या पऱ्हाटीचे टोकदार बुडखे टायरच्या कडेला भोसकतात आणि कडेचे पंक्चर नीट निघत नाही.

दुसरा दोष आपल्या काळ्या मातीशी जोडलेला आहे. बहुतेक सगळ्या हॅचबॅकची ओढ पुढच्या चाकांवर असते. रिकामी असताना ते चांगलेच आहे, कारण इंजिनचे वजनही पुढेच असते. पण मागे तीन माणसे आणि सामान बसले की गाडीचे नाक किंचित उचलले जाते, ओढणाऱ्या चाकांवरचा वजनाचा वाटा कमी होतो, आणि नेमक्या चिखलाच्या चढावर ती चाके जागच्या जागी फिरू लागतात. आपली कन्हार माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. ती टायरच्या नक्षीत बसते, मग मडगार्डमध्ये भरते, आणि थोड्या वेळात टायर आहे की चिखलाचा गोळा हे ओळखू येत नाही. बोलेरोची ओढ मागच्या चाकांवर असल्यामुळे तिच्यात माणसे बसली की पकड वाढते, आणि या एका बाबतीत पारावरच्या मंडळींचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे.

फसलेल्या हॅचबॅकला बाहेर काढण्याची रीत चुकली तर चिखलापेक्षा मोठे नुकसान होते. चाक फिरू लागताच पाय उचलावा, मागच्या माणसांना उतरवावे, पुढच्या चाकांखाली पोते किंवा पऱ्हाटी घालावी आणि हलक्या पायाने, शक्य असेल तर मागच्या दिशेने, गाडी काढावी. ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली तर गाडीसोबत मिळणारा हूक बंपरच्या झाकणामागे आटे फिरवून बसवावा आणि दोर त्यालाच बांधावा. घाईत लोक दोर लोअर आर्मला बांधतात, ट्रॅक्टरवाला एक झटका देतो, आर्म वाकतो, आणि त्यानंतर ती गाडी कितीही अलाइनमेंट केली तरी एका बाजूला ओढत राहते आणि टायर आतून खाते.

तिसरा दोष मला सर्वात गंभीर वाटतो, कारण तो गाडीला नाही तर माणसाला लागतो. हॅचबॅकची डिकी आणि माणसांची बसण्याची जागा यांच्यामध्ये भिंत नसते. असतो तो एक हलका ट्रे, जो बहुतेक घरांत पहिल्याच महिन्यात काढून माळ्यावर टाकलेला असतो. म्हणजे मागे जे ठेवले त्याची हवा पुढे येते. कृषी केंद्रातून घेतलेले कीटकनाशक मागे ठेवायचे, काचा लावायच्या, एसी सुरू करायचा आणि मुलांना घेऊन घरी यायचे, हे आपल्याकडे सर्रास चालते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते दुःख या भागाने पाहिलेले आहे. डबा सांडला किंवा झाकण सैल असले तर तेच विष एसीच्या बंद हवेत फिरत राहते, आणि आसनांच्या कापडात मुरलेला वास धुऊनही जात नाही. कीटकनाशक, तणनाशक आणि फवारणीचा पंप या गाडीत कधीही ठेवू नये. दुचाकीवर, ट्रॅक्टरवर किंवा एखाद्या मालवाहू ऑटोतून आणावे, पण इथे नाही.

खताचेही तसेच. युरियाची गोणी ४५ किलोंची आणि डीएपीची ५० किलोंची. चार गोण्या म्हणजे तीन धडधाकट माणसांचे वजन एकाच जागी, मागच्या चाकांच्याही मागे. त्याने मागचे स्प्रिंग बसतात, पुढची पकड जाते आणि ब्रेक लावल्यावर गाडी मागून हलते. गोणीतून सांडलेले दाणे गालिच्याखाली जातात, हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पत्रा आतून गंजवतात. जुन्या गाडीची स्टेपनी काढून त्याखालचा पत्रा पाहिला की ती शेतीच्या घरातून आली की नाही हे मला लगेच समजते. म्हणूनच वर म्हटले की गाडी माणसांची राहिली पाहिजे.

आता सहा माणसांचा प्रश्न. हॅचबॅक पाच जणांची आहे, आणि मागच्या आसनावर तिघे मोठे बसले तर मधल्याला ना नीट टेकू मिळतो ना खांद्याला जागा. यावर लोक जो उपाय काढतात तो फार धोक्याचा आहे. मुले डिकीत बसवतात. मागून धडक बसली तर त्या मुलामध्ये आणि मागच्या ट्रकमध्ये फक्त एक पातळ दरवाजा आणि काच असते. मांडीवर बसवलेले मूल पुढून धडक बसल्यावर हातात राहत नाही, आणि १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा त्याच्या वयाचे आसन असणे कायद्यानेही बंधनकारक आहे. आपण असा विचार करावा की घरातील सहाही जण एकाच वेळी वर्षातून कितीदा निघतात. पोहरादेवीची यात्रा, शेगावचे दर्शन, जवळचे एखादे लग्न. तेवढ्या दिवसांसाठी मोठी गाडी किरायाने सांगणे हे वर्षभर मोठी गाडी पोसण्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित आहे. उलट रोज सहा माणसांचा प्रवास असेल तर हॅचबॅकचा विचारच सोडून द्यावा.

उन्हाळ्याबद्दल शहरातील सल्ले आपल्याला पुरत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्याच्या दुपारी तर डांबरही मऊ पडते. अशा वेळी एक लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन पाच माणसे, एसी आणि चढ असे तिन्ही एकदम ओढते तेव्हा त्याच्याकडे फारसे शिल्लक उरत नाही. त्यात रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे पाणी असेल तर परिणाम ठरलेला आहे. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातच नव्हे, इतर बऱ्याच गावांतही बोअरचे पाणी जड असते. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, पाणी फिरेनासे होते, आणि एखाद्या दुपारी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचे सील, जाते. तयार कूलंटचा डबा काही शेकड्यांत येतो. तो गाडीतच ठेवावा, आणि टाकीचे झाकण इंजिन गरम असताना उघडू नये. बॅटरीही आपल्या उन्हात लवकर म्हातारी होते, त्यामुळे सावलीत गाडी लावण्यासाठी टिनाचे छप्पर घातले तर ते पैसे वसूल होतात.

परंतु ते छप्पर कुटाराच्या (मळणीनंतरच्या भुशाच्या) ढिगाशेजारी नसावे. सोयाबीन निघाले की उंदीर तिथे येतात आणि रात्री गरम इंजिनाच्या उबेला वर चढतात. नव्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये एक तार कुरतडली तरी गाडी सुरू होत नाही. दुसरे कारण आगीचे आहे. बीएस-६ या प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा भाग इंजिनजवळ असतो आणि लांबून आल्यावर तो अतिशय तापलेला असतो. कोरडे गवत, कुटार किंवा सांडलेला कापूस त्याच्याखाली येईल अशी गाडी उभी करू नये.

समृद्धी महामार्गामुळे या भागातील गाड्यांचा वापर बदलला आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. कारंज्याहून चढले की नागपूर काही तासांवर आले. वेगमर्यादा १२० ची आहे, पण आखूड, उभट आणि हलक्या गाडीने ती गाठावी असे मला वाटत नाही. मोठा ट्रक ओलांडताना वाऱ्याचा जो धक्का बसतो तो वॅगन आरसारख्या उंच गाडीला स्पष्ट जाणवतो. ९० ते १०० च्या आत ती शांत चालते. टायरबद्दल अधिक सांगणे गरजेचे आहे. गावातील गाडी वर्षाला थोडेच किलोमीटर चालते, म्हणून टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर उन्हाने कडक झालेले असते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. पाच-सहा वर्षांपुढचा टायर, तो कितीही नवा दिसला तरी, समृद्धीवर नेऊ नये, आणि हवा नेहमी सकाळी टायर थंड असताना पाहावी. इंजिन ऑइलचेही तसेच आहे: दहा हजार किलोमीटर झाले नाहीत म्हणून ते दोन-दोन वर्षे ठेवणे चूक, वर्ष झाले की बदलावे.

धडकेतील सुरक्षिततेत सर्व हॅचबॅक सारख्या नाहीत, हे विकत घेणाऱ्याला कोणी फारसे सांगत नाही. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या धडकवून पाचपैकी तारे देते; तिच्या चाचणीत २०२० साली अल्ट्रोजला पाच आणि टियागोला चार तारे मिळाले. २०२३ मध्ये वॅगन आरला एक आणि ऑल्टो के-१० ला दोन मिळाले. त्यानंतर २०२५ मध्ये या शेवटच्या दोन्ही गाड्यांत सहा एअरबॅग सर्व प्रकारांत दिल्या जाऊ लागल्या, ही चांगली गोष्ट आहे, तरी पत्र्याच्या सांगाड्याचा मजबूतपणा ही वेगळी बाब आहे. आपल्या रस्त्यांवर रात्री रोही (नीलगाय) आणि रानडुकरे आडवी येतात. रोही आडवा आला की हॅचबॅकचे ठेंगणे नाक त्याचे पाय उडवते आणि दोन क्विंटलचे धड काचेवर येते. समोर लोखंडी गार्ड लावून घेण्याचा मोह होतो. २०१७ च्या डिसेंबरातच केंद्राने त्यावर बंदीचे आदेश दिले आहेत, आणि तो गार्ड एअरबॅगच्या कामात अडथळाही आणू शकतो. अंधारात वेग साठच्या आत ठेवणे हाच उपाय आहे.

इंधनाचे थोडक्यात. बीएस-६ आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, डिझेल हॅचबॅक जवळजवळ संपल्या. आज नवी घ्यायची तर अल्ट्रोजच उरते. पेट्रोलवर कंपनी २४-२५ किलोमीटरचा दावा करते, तिथे गावरस्ता, एसी आणि भरलेली गाडी धरून १७ ते २० मिळाले तर समाधान मानावे. सीएनजी स्वस्त पडतो, पण टाकी डिकी खाऊन टाकते, दर तीन वर्षांनी तिची तपासणी लागते, आणि पंप रोजच्या वाटेवर नसेल तर सगळी बचत फेऱ्यांत जाते. विजेवरची लहान गाडी शिक्षिकेच्या ठरावीक रोजच्या अंतराला खरोखर चांगली आहे, मात्र घरी पक्के अर्थिंग आणि पुरेसा दाब असेल तरच. ऑटोमॅटिक गिअर सध्या नको. बिघडला तर तालुक्यात तो उघडणारा हात सहसा मिळत नाही.

जुन्या बोलेरोबद्दल माझे म्हणणे असे. तिची चेसिस मजबूत आहे, चिखलात ती पुढे जाते, आणि घरचा रस्ता पावसाळ्यात खरोखर चिखलाचा असेल तर तीच घ्यावी. परंतु सात-आठ लाखांत मिळणारी जुनी बोलेरो बहुधा बरीच चाललेली असते, तिच्या डिझेल पंपाचे व टर्बोचे काम हॅचबॅकच्या दोन-तीन वर्षांच्या देखभालीएवढे निघू शकते, आणि रोज शाळेत एकट्या शिक्षिकेने ती नेणे म्हणजे विनाकारण डिझेल जाळणे आहे. मधला मार्ग टाटा पंचसारख्या उंच केलेल्या लहान गाड्यांचा आहे. पंचचा ग्राउंड क्लिअरन्स १८७ मिलिमीटर आहे आणि लांबी चार मीटरच्या आतच. मुळात त्या हॅचबॅकच आहेत, फक्त पोट वर घेतलेल्या. आपला रस्ता खडीकरणापर्यंत आला असेल आणि डांबर तेवढे व्हायचे असेल, तर मी आपल्याला अशीच गाडी सुचवीन, आणि तिचे साधे पेट्रोल मॉडेल घेतल्यास बजेटही फार ओलांडले जाणार नाही.

हप्त्याबद्दलही विचार करून ठेवावा. पगाराचे पैसे महिन्याला येतात आणि कापूस-सोयाबीनचे दिवाळीच्या आगेमागे, त्यामुळे मासिक हप्ता फक्त पगारातून भागेल एवढाच ठेवावा, आणि पिकाचे पैसे आले की मुद्दल कमी करावे. शेतकऱ्यांना सहामाही हप्ता बसवून देणाऱ्या वित्तसंस्थाही आहेत, पण त्यांचा व्याजदर बँकेच्या दराशी ताडून पाहावा.

जुनी हॅचबॅक घेण्याचा विचार झाला तर रंग आणि आसनांची कव्हरे शेवटी पाहावी. आधी ती जॅकवर घ्यायला लावावी आणि चेंबरवर ठोके आहेत का, पुढच्या आर्मवर दोराचे घासलेले व्रण आहेत का हे पाहावे. गालिचा उचलून खालच्या पत्र्यावर गाळाची रेघ दिसली तर ती गाडी पुरात उभी होती असे समजावे. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असेल तर ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली आहे का ते कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे, कारण आता पंपावर तेच पेट्रोल मिळते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्या नळ्या बदलून घेण्याचा खर्च सौद्यात धरावा. आरसीवर बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणीचे नूतनीकरण व पर्यावरण कर यांचा हिशेब विकणाऱ्यासमोरच मांडावा.